आमटीत बुडवलेलं मीटर, नागानोचं मीठ आणि 'जपानी रहस्य'

मिसो_मिरची

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा एकदा येऊन गेला. 'जपानी माणसं शंभर वर्षं का जगतात? सात रहस्यं!' पहिलं रहस्य इकिगाई (जगण्याचं कारण), दुसरं ऐंशी टक्के पोट भरलं की उठणे, तिसरं ग्रीन टी. सातव्यापर्यंत मी पोचलेच नाही, कारण तोवर खाली चाळीस नमस्कार आणि दोन गुलाबाची फुलं पडली होती.

मी पुण्यात जपानी दुभाषाचं काम करते. त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे पावणेतीन वर्षं नागानो प्रांतातल्या एका लहान गावात राहिले. तिथे मला 'रहस्य' भेटलं ते असं: शेजारची साठीची ओबासान (म्हणजे मावशी) एका संध्याकाळी दारात उभी. हातात गावच्या आरोग्य विभागाचं पत्रक आणि थर्मामीटरसारखी दिसणारी एक कांडी. घरात आज जे काही पातळ शिजवलं असेल ते थोडं वाटीत दे म्हणाली. आमटी होती. तिने ती गाळून घेतली, कोमट होऊ दिली, कांडी बुडवली. आकडा आला १.४. म्हणजे शंभर ग्रॅम आमटीत १.४ ग्रॅम मीठ. ओबासान "आरा!" एवढंच म्हणाली. जपानी बाई नुसतं "आरा" म्हणते तेव्हा समजावं, की आपण काहीतरी भलतंच करून ठेवलंय. तिच्या घरचं मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) ०.७ होतं. आणि मी आजवर स्वतःला 'अळणी खाणारी' समजत होते!

ही बाई नर्स नव्हती, सरकारी नोकर नव्हती. या कामाची तिची पाळी होती. नागानोत 'होकेन होदोइन' म्हणून गावातल्या बायका दोन-दोन वर्षं पाळीपाळीने हे काम करतात. १९४५ साली, आज सुझाका शहरात असलेल्या ताकाहो गावात याची सुरुवात झाली. एकटी आरोग्यसेविका गावं पालथी घालताना बघून तिथल्या गृहिणीच म्हणाल्या, आम्ही हातभार लावतो. पाळी संपली तरी शिकलेलं घरात राहतंच. सासूची झाली, मग सुनेची.

याची गरज का पडली? नागानो डोंगराळ, समुद्र नाही. मासा यायचा तो मिठात मुरलेला. हिवाळ्यात भाजी नाही, म्हणून नोझावानाचा पाला पिंपंच्या पिंपं मिठात घालून ठेवायचा. आपण चहाबरोबर बिस्किटं ठेवतो, तिथे अजूनही नोझावानाचं लोणचं पुढे येतं. त्यावर पुन्हा सोया सॉस ओतायचा, शिवाय मिसो सूप सकाळ-संध्याकाळ. १९६० च्या दशकात पक्षाघाताने मरणाऱ्या पुरुषांच्या प्रमाणात हा प्रांत देशात पहिला होता. सगळ्या देशाचीच गत तशी होती: १९५१ ते १९८० पक्षाघात हे जपानमधलं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण, पुढे ती जागा कॅन्सरने घेतली. उत्तरेकडे अकिता भागात १९५० च्या दशकात माणशी रोजचं मीठ २५ ग्रॅमच्या पुढे होतं. पाच चहाचे चमचे भरून!

नागानोतल्या साकु इथे तोशिकाझु वाकात्सुकी नावाचे सर्जन १९४५ मध्ये एका छोट्या रुग्णालयात आले. त्याआधी कारखान्यांतल्या अपघातांवर संशोधन केलं म्हणून युद्धकाळात वर्षभर कोठडीत होते. त्यांच्या लक्षात आलं, की शेतकरी दवाखान्यात येतो तो शेवटच्या टप्प्यावर. मग हेच गावोगाव निघाले. दिवसा तपासणी आणि रात्री नाटक! नाटक स्वतः लिहायचं, डॉक्टर-नर्सनीच काम करायचं. १९५९ पासून यचिहो गावात सगळ्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू झाली. पुढे मीठ कमी करण्याची प्रांतभर मोहीम, 'घरातली निदान एक खोली उबदार ठेवा' ही वेगळी मोहीम (थंडीत रक्तदाब चढतो, आणि जुनी जपानी घरं म्हणजे बर्फाची पेटी). १९९० मध्ये नागानोचे पुरुष आयुर्मानात देशात पहिले आले, २०१० मध्ये पुरुष आणि बायका दोन्ही.

तर मला एवढंच म्हणायचंय, की फॉरवर्डमध्ये जे 'संस्कृती' म्हणून येतं त्यातलं बरंचसं कुणीतरी दारोदार फिरून, मोजून, पुन्हापुन्हा सांगून घडवलेलं आहे. १९४७ साली जपानी पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५० होतं, बाईचं ५४. इकिगाई तेव्हाही होतीच की. २०२३ मध्ये हेच आकडे ८१ आणि ८७ आहेत.

आणि हो, 'जपानी जेवणात मीठ कमी' हेही खरं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत रोजची सरासरी १०.१ ग्रॅम होती. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत म्हणते.

चर्चा करा. भांडा पण जपून.

तात्या_वाईकर

भारी धागा. पहिला नंबर माझा!
एक शंका, ते नाट्टो का काय, तारा सुटलेले सोयाबीन. मुलाने आणून दिलं होतं. वास असा, की आमच्या मोत्यानेही तोंड फिरवलं. खाऊन खरंच आयुष्य वाढतं का? वाढत असेल तर ते वाढीव आयुष्य नाट्टो खातच काढायचं का?

शंकासूर

सगळं गोड आहे, पण मुळात हे शंभरीचे आकडे खरे आहेत का? २०१० साली तोक्योत १११ वर्षांचे म्हणून नोंद असलेले आजोबा शोधायला अधिकारी गेले तर सांगाडा सापडला. माणूस १९७८ च्या सुमारास गेलेला, पेन्शन मात्र चालूच. मग देशभर शोध घेतला तर कुटुंब-नोंदवहीत शंभरी पार केलेले पण ठावठिकाणा नसलेले २ लाख ३० हजारांवर निघाले. २०२४ मध्ये सॉल न्यूमन यांना याच विषयावरच्या कामाबद्दल इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस) मिळालं: जिथे कागदपत्रांचा घोळ आणि गरिबी, तिथेच म्हणे शतायुषी जास्त. शतायुषींसाठी गाजलेल्या तुमच्या ओकिनावा बेटाचाही नंबर त्यात आहे.

मिसो_मिरची

@शंकासूर, नावाला जागलात. मुद्दा रास्त आहे, पण दोन वह्यांची गल्लत होतेय. ते २ लाख ३० हजार 'कोसेकी' मधले, म्हणजे कुळाच्या नोंदवहीतले. युद्धात मेलेले, परदेशी गेलेले आणि कुणी नाव कमी न केलेले त्यात राहून गेले. आपल्या सातबाऱ्यावर पणजोबा जिवंत असतात तसंच. सरासरी आयुर्मान त्या वहीवरून काढत नाहीत, जनगणना आणि मृत्यूच्या नोंदींवरून काढतात. आणि सरासरी ८७ व्हायला मुख्यतः पन्नाशी-साठी-सत्तरीतली माणसं न मरणं लागतं. एकशे अकराव्या वर्षाचा एखादा बोगस आजोबा तिथे काय फरक पाडणार?

ओकिनावाबद्दल मात्र वेगळं सांगते. ते 'शंभरीचं बेट' म्हणून पुस्तकांत गेलं आणि त्याच सुमारास घसरू लागलं. २००० च्या आकडेवारीत तिथले पुरुष ४७ प्रांतांत एकदम २६ वे आले. याला जपानीत 'निजूरोकु शॉक' असं नावच पडलंय, सव्वीसचा धक्का. २०२० मध्ये पुरुष ४३ वे. १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं, डबाबंद पोर्क आणि बर्गर लवकर आले, रेल्वे नाही म्हणून दोन पावलांसाठी गाडी. रताळी खाणारे आजी-आजोबा शंभरीला आणि मुलगा पंचावन्नला गेला, अशी घरं झाली. फॉरवर्डवाले अजून आजीचाच फोटो लावतात.

@तात्या, नाट्टोचं: २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जपानमधल्या जवळपास ९३ हजार लोकांचा अभ्यास आला. पंधराएक वर्षं पाठपुरावा. एकूण सोयाबीन खाण्याचा मृत्यूशी संबंध दिसला नाही, आंबवलेलं सोया (नाट्टो, मिसो) सगळ्यांत जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण १० टक्के कमी दिसलं. पण नाट्टो खाणारी माणसं भाज्याही जास्त खातात, विड्याही कमी ओढतात. तो हिशेब वजा केला असं अभ्यासक म्हणतात, तरी सगळा वजा होतो का? मोत्याचं ऐका.

वाचनमात्र_वहिनी

वाचनखूण साठवली.

तालुक्याचा_डॉक्टर

छान धागा, मिसोताई. दवाखाना आटोपून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वाकात्सुकींना १९७६ मध्ये मॅगसेसे मिळालं. तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, तेच मिळालं जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना. १९७० पासून त्यांनी नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत हेच केलं: गावातली, बहुतेक वेळा न शिकलेली बाई निवडायची, तिला शिकवायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं. त्यामुळे 'हे जपानमध्येच शक्य' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आपल्याकडे झालेलं आहे, प्रांतभर झालेलं नाही. आज माझ्या तालुक्यात आशाताई आहेत, पण त्यांच्यावर गरोदर बाईपासून कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणापर्यंत एवढी ओझी आहेत, की मीठ मोजायला सांगितलं तर त्या मलाच मोजतील.

आता माझ्या आवडीचं गाव, हिसायामा. क्यूशू बेटावर फुकुओका शहराला लागून. १९६० च्या सुमारास जपानच्या मृत्यू-दाखल्यांवर मेंदूतल्या रक्तस्रावाने मेलेले लोक मेंदूत गुठळी होऊन मेलेल्यांच्या बारापट दिसायचे. पाश्चात्त्य डॉक्टर म्हणाले, तुमचं निदानच चुकतंय. क्यूशू विद्यापीठाने ते मनावर घेतलं. १९६१ मध्ये हे साडेसहा हजार वस्तीचं गाव निवडलं, कारण इथली वयांची आणि धंद्यांची विभागणी देशासारखीच होती. चाळिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी, आणि गावात कुणी वारलं की घरी जाऊन शवविच्छेदनाची परवानगी मागायची. सुमारे ८० टक्के मृतांची परवानगी मिळाली.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. मी माझ्या गावात, पोलीस केस नसताना, तेराव्याच्या आधी कुणाच्या ओट्यावर जाऊन "जरा उघडून बघू का" असं विचारलं असतं तर? मला वाटतं ती परवानगी खरं तर माणूस गेल्यानंतर मिळालेली नव्हतीच. तो माणूस जिवंत असताना दरवर्षी त्याचा रक्तदाब घेणारा डॉक्टर दारात होता, म्हणून मिळाली. उत्तर काय निघालं? बारापट नव्हे, दोन्ही जवळपास सारखे, १.१ पट. पाश्चात्त्यांची शंका खरी होती आणि ती जपान्यांनी स्वतःच सिद्ध करून दिली.

त्याच गावातून २०११ मध्ये आलेला निष्कर्ष मी रोज पेशंटना सांगतो. साठीपुढच्या हजारभर लोकांना साखरेचं पाणी पाजून तपासणी करून पंधरा वर्षं पाहिलं. मधुमेहींना अल्झायमरचा धोका साधारण दुप्पट. 'साखर थोडी वाढलीय, चालतंय' म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, वडिलांनी तुझं नाव विसरलं तर चालेल का?

जपानी आणि आपण यात खरं नातं आहे ते इथे. दोघंही बारीक असूनच मधुमेही होतो. तिथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ झाला की लठ्ठ धरतात, ३० ची वाट बघत नाहीत. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा तो फोटो आठवा, २००४ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. दोघांचा बीएमआय २२.३, दोघंही सडपातळ. अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२.

गोदाकाठ

डॉक्टर, बारीक-मधुमेहीवरून आठवलं. माझी भाची ओसाकात बाळंत झाली. पोटुशी असताना वजन वाढू नये म्हणून तिथले डॉक्टर मागे लागायचे. आई इथून डिंकाचे लाडू पाठवतेय आणि तिकडे काट्यावर उभं करून रागावतायत! हे खरंच बरोबर असतं का?

तालुक्याचा_डॉक्टर

नाही, आणि हे आता त्यांनीही मान्य केलंय. तिथल्या तरुण मुली फार बारीक, त्यात गरोदरपणी वजनावर बंधन. एवढ्या श्रीमंत देशात अडीच किलोच्या आतली बाळं ९ टक्क्यांच्या वर. अशी बाळं मोठेपणी मधुमेहाकडे झुकतात हे पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासांनी आपल्याला आधीच शिकवलंय. २०२१ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मर्यादा सैल केली: नेहमीच्या बांध्याच्या बाईने १० ते १३ किलो, बारीक असेल तर १२ ते १५. लाडू सुरू ठेवा, तूप हात आखडून.

रेवा_चंद्रपूर

जपानचं फार कौतुक चाललंय म्हणून. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस तिथे २०१३ च्या एप्रिलमध्ये नियमित झाली आणि जूनमध्ये सरकारने शिफारस मागे घेतली. मुलींना झटके येतात असे व्हिडिओ टीव्हीवर फिरले, त्यावर. ७० टक्क्यांवर असलेलं लसीकरण १ टक्क्याच्या खाली गेलं. पुन्हा शिफारस सुरू व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. १९९४ ते २००७ मध्ये जन्मलेल्या मुलींमध्ये यामुळे आयुष्यभरात ५ हजारांवर जादा मृत्यू होतील असा अंदाज २०२० मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आला होता. शिस्तप्रिय, विज्ञाननिष्ठ वगैरे देशात.

मिसो_मिरची

@रेवा, बरं झालं लिहिलंत. माझ्या तिथल्या मैत्रिणीची मुलगी त्याच वयोगटातली. घरी कागद यायचा बंद झाला, एवढंच. लस बंद नव्हती, फुकटच होती. पण 'या' असं सांगणारा कागद नाही, तर कुणी गेलंच नाही.

शंकासूर

मूळ मुद्द्यावर येतो. पक्षाघात कमी झाला तो मीठ मोजल्याने, की रक्तदाबाच्या गोळ्यांनी, की फ्रीज आल्याने? १९६१ मध्ये सगळ्यांना आरोग्यविमा मिळाला, त्याच काळात घरोघरी फ्रीज आले, खारवून ठेवायची गरजच संपली. ओबासानच्या कांडीला सगळं श्रेय कशाला? की मुळात जपानी रक्तच वेगळं?

मिसो_मिरची

रक्ताचं आधी. हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणच्या जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना १९६५ मध्ये सुरू झाली, 'नि-हॉन-सॅन' नावाने. जसजसं पूर्वेकडे अमेरिकेत जावं तसतसा हृदयविकार वाढत गेला. पक्षाघात मात्र जपानमध्येच जास्त. रक्त एकच, ताट बदललं.

कांडीचं श्रेय सगळं नाही, मान्य. पण दोन गावांची तुलना झालेली आहे. अकितातल्या इकावा गावात १९६३ पासून घरोघर रक्तदाब तपासणं, गोळ्या चालू आहेत का बघणं, मिठाबद्दल शिकवणं असं सगळं जोर लावून केलं. आसपासच्या दुसऱ्या वस्तीत नुसती जुजबी व्यवस्था ठेवली. फ्रीज दोन्हीकडे आले, विमाही दोन्हीकडे. पक्षाघात इकावात जास्त उतरला, पुरुषांमध्ये हा फरक जास्त स्पष्ट दिसला. मीठ किती आणि गोळी किती हे मात्र त्यातून वेगळं काढता येत नाही. तिथे तुम्ही जिंकलात.

शंकासूर

स्क्रीनशॉट घेऊन ठेवतो.

पट्टा_ढिला_योकोहामा

मीठवाल्या बायका परवडल्या, आमच्याकडे टेप घेऊन येतात. २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या प्रत्येकाची तपासणी, त्यात कंबर मोजतात. पुरुषाची ८५ सेंटिमीटर, बाईची ९०. (हो, बाईची जास्त. पोटातल्या चरबीच्या स्कॅनवरून काढलंय म्हणे. आपल्याकडे उलट, पुरुष ९० आणि बाई ८०.) माझी भरली ९१. रक्तदाबही जरा वर. झालं, 'मेताबो'चा (मेटाबॉलिक सिंड्रोमचा) शिक्का. ऑफिसातले सहकारी आता जेवणाच्या वेळी "मेताबो-सान" म्हणतात. सल्लागार बाई फोन करून विचारते, काल रामेनचं (नूडल्सचं) सूप शेवटपर्यंत प्यालात का? मी खोटं सांगतो.

पण गंमत बघा, ८४ आणि ८६ कंबरवाल्यांची तुलना करून २०२० मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये अभ्यास आला. सल्ला मिळालेल्यांचं वजन सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास कमी झालं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत फरक नाही. तीनशे ग्रॅम तर माझा मोबाइल आणि पाकीट!

कट्टेकरी_आजोबा

वय ७४, ठाणे. सून टाईप करून देते आहे.
एकट्या म्हाताऱ्यांचं तिकडे काय करतात? आमच्या इमारतीत मी धरून पाच जण एकटे आहोत. विरंगुळा केंद्रात जातो, कॅरम खेळतो. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. कॅरम चालतो का?

मिसो_मिरची

आजोबा, तुमचा प्रश्न सगळ्यांत चांगला. चालतो, आणि त्यावर अभ्यास आहे.

आयची प्रांतात ताकेतोयो नावाचं गाव आहे. तिथे २००७ पासून म्हाताऱ्यांसाठी 'सॅलोन' सुरू केले. केस कापायचे नव्हेत. चहा, गाणी, खेळ, गप्पा, घरापासून चालत जाता येईल अशा जागी. पाच वर्षं पाहिलं, तर येणाऱ्यांत दुसऱ्याच्या आधाराची गरज पडण्याचं प्रमाण न येणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास. जी धडधाकट असतात तीच माणसं येतात, हा आक्षेप घेऊन शंकासूर येतीलच. तो अभ्यासकांनीही घेतला होता आणि हिशेबात धरला.

दुसरं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, तरी सांगते. सेंदाईजवळच्या इवानुमा शहरात ऑगस्ट २०१० मध्ये ६५ पुढच्या सगळ्यांची पाहणी झाली. सात महिन्यांनी, ११ मार्च २०११ ला, त्सुनामी आली. जवळपास निम्मं शहर पाण्याखाली. वाचलेल्यांना संशोधक पुन्हा भेटले. ज्यांची घरं गेली त्यांच्या स्मरणशक्तीत आणि रोजच्या कामांत घसरण जास्त दिसली. नातेवाईक गेल्याने तेवढी नाही, घर आणि शेजार गेल्याने जास्त. तात्पुरत्या घरांत काहींना चिठ्ठी टाकून पाठवलं होतं, काहींना सगळी वाडीच्या वाडी एकत्र हलवलं. एकत्र गेलेल्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं टिकलं, उलट वाढलं.

कट्टेकरी_आजोबा

आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. तीन वर्षं भाड्याने कुठे कुठे पांगणार सगळे. हे सेक्रेटरीला वाचून दाखवतो. पाचही जणांना एकाच गल्लीत भाड्याने घर बघा म्हणतो.

गोदाकाठ

आजोबा, जरूर दाखवा.
मिसोताई, पाकिटावर मीठ कसं बघायचं? आपल्याकडे लिहिलेलंच नसतं.

मिसो_मिरची

असतं, सोडियम म्हणून असतं, मिलिग्रॅममध्ये. अडीचने गुणा, म्हणजे मिठाचे मिलिग्रॅम. ४०० सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जपानी पाकिटावर सरळ मिठाचे ग्रॅम छापावेच लागतात, गुणाकार घरी करायचा नाही. फक्त 'शंभर ग्रॅममागे' लिहिलंय की 'एका सर्व्हिंगमागे' ते बघा, तिथे सगळे फसतात.

तात्या_वाईकर

धागा वाचून ऑनलाइन ती कांडी मागवली. आज आली. वरण ०.९, आमटी १.५, शेजारच्या हॉटेलातल्या सांबाराला १.१. मिसळीचा कट घालून बघितला तर आकडा नुसता नाचतोय.

तालुक्याचा_डॉक्टर

ती कांडी पाण्यातून वीज किती जाते त्यावरून मीठ काढते, तात्या. तर्रीच्या तेलात तिला काही कळत नाही. गाळून, थंड करून, खालचा रस्सा घ्या. आणि आकडा आला की इथे टाकू नका, आधी रक्तदाब मोजून या.

तात्या_वाईकर

१५८/९६.
उद्या सकाळी तुमच्याकडे येतो. लोणच्याची बरणी हिने माळ्यावर टाकली आहे आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.